आळे येथील दवाखाना आणि योजनेची परिभाषा

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः एका कथेमुळे परिचित आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी येथे दाखविली जाते आणि वारकरी तिच्या दर्शनास येतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच गावातील एक अगदी साधी वास्तू आहे. तिच्या फलकावर 'प्राथमिक आरोग्य केंद्र' अशी अक्षरे आहेत. गावकरी तिला 'सरकारी दवाखाना' म्हणतात. ही दोन नावे एकाच वास्तूची असली, तरी त्यांचा इतिहास एक नाही. पहिले नाव नियोजनाच्या परिभाषेतून आले, दुसरे लोकांच्या अनुभवातून. या दोहोंमधील अंतर मोजले असता स्वातंत्र्योत्तर काळात आरोग्यसेवेसाठी झालेल्या सार्वजनिक गुंतवणुकीचे एक वैगुण्य स्पष्ट होते, असे आम्हांस वाटते. ते दाखविणे हाच या टिपणाचा उद्देश आहे. लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. तेव्हा विवेचनाची वाट शब्दांवरून जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

१

मराठीत आजाऱ्यांच्या शुश्रूषेच्या स्थानाला जे शब्द आहेत, त्यांतून सत्तांतरांचा इतिहासच वाचता येतो. 'दवाखाना' या शब्दातील 'दवा' अरबी, 'खाना' फारसी. 'इस्पितळ' पोर्तुगीजांबरोबर आले. 'रुग्णालय' हा संस्कृत घटकांनी बनलेला शब्द शासकीय मराठीने प्रतिष्ठित केला. 'केंद्र' या शब्दाचा प्रवास सर्वांत लांबचा. संस्कृत ज्योतिषग्रंथांत तो ग्रीकांकडून आला आणि तेथून गणितात व अखेर शासनव्यवहारात स्थिरावला. यातील अर्थभेद लक्षात घेण्याजोगा आहे. दवाखाना म्हणजे औषधाचे घर. औषध नसेल तर ते नाव निरर्थक ठरते. केंद्राचे तसे नाही. केंद्राची व्याख्या त्याच्या आत काय आहे यावरून होत नाही, त्याच्याभोवतीच्या वर्तुळावरून होते. इतक्या लोकसंख्येमागे एक बिंदू काढला की केंद्र सिद्ध झाले.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात जी थोडीबहुत वैद्यकीय सोय झाली, ती पहिल्या अर्थाची होती. पुणे शहरात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली मोठे रुग्णालय उभे राहिले; पण खेड्यांची भिस्त 'लोकल फंडा'वर होती. १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर बसविण्यात आला आणि त्यातून रस्ते, शाळा व दवाखाने यांचा खर्च निघू लागला. १८८४ च्या कायद्याने ही जबाबदारी जिल्हा व तालुका लोकल बोर्डांकडे गेली. ही व्यवस्था अत्यंत अपुरी होती, याविषयी दुमत नाही. तिचे एक लक्षण मात्र नोंदविले पाहिजे. दवाखान्याचा खर्च प्रामुख्याने डॉक्टरचा पगार व औषधे यांचा असे. तो दर वर्षी उभा राही आणि दर वर्षी भागवावा लागे. पुढे खेड्यात व्यवसाय करण्यास तयार असलेल्या वैद्यकीय व्यावसायिकांना अर्थसाहाय्य देण्याची पद्धत मद्रास इलाख्यात १९२४ साली सुरू झाली व मुंबई प्रांतानेही तिचा अवलंब केला. तीतही इमारतीपेक्षा माणसावरच पैसा खर्च होत होता.

२

समग्र देशाच्या आरोग्याची आखणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेली समिती. तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार लोकांमागे रुग्णखाटांचे प्रमाण ०.२४ होते, म्हणजे साधारणतः चार हजार लोकांत एक खाट. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय साहाय्यावाचून राहू नये, हे समितीचे मूलतत्त्व होते. तिच्या दीर्घ मुदतीच्या योजनेत दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे एक रुग्णालय होते, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम केंद्र आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे रुग्णालय होते. हे चित्र दूरच्या भविष्याचे होते. तात्काळ अंमलात आणावयाच्या योजनेत समितीने चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र सुचविले.

या दुसऱ्या शिफारशीचा तपशील पाहण्यासारखा आहे. केंद्रासाठी दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक रुग्णपरिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य साहाय्यक, एक औषधनिर्माता आणि इतर पंधरा कर्मचारी समितीने मोजले होते. भोर समितीचे केंद्र म्हणजे प्रथम माणसांचा समूह होता. वास्तू व यंत्रे त्यांच्यामागून येणार होती. 'प्राथमिक' या विशेषणाचाही तेथे मूळ अर्थ 'रुग्णाला सर्वप्रथम भेटणारे' असा होता. मराठीत तो शब्द 'प्राथमिक शाळा' या शब्दाच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याला 'आरंभीचे, साधे, किमान' अशी छटा आली. पुढील काळात शिफारस तीच राहिली, पण अर्थ या दुसऱ्या छटेकडे सरकत गेला.

३

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि प्रत्येक विकासगटात एक प्राथमिक आरोग्य केंद्र उघडण्याचे धोरण ठरले. विकासगटाची लोकसंख्या साठ हजारांपासून एक लाखापर्यंत असे. म्हणजे चाळीस हजारांचे वर्तुळ पहिल्याच पावली दीडपट ते अडीचपट झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील १,९६० कोटी रुपयांच्या खर्चापैकी 'आरोग्य' या शीर्षाखाली ६५.२ कोटी, म्हणजे ३.३ टक्के खर्च झाले. दुसऱ्या योजनेत हा आकडा १४०.८ कोटी झाला, पण प्रमाण ३ टक्क्यांवर आले. तिसऱ्या योजनेत २२५.९ कोटी खर्च होऊनही प्रमाण २.६ टक्क्यांपर्यंत उतरले. रक्कम वाढत होती, वाटा घटत होता.

केवळ रकमेच्या अपुरेपणाने मात्र पुढील इतिहासाचा पूर्ण उलगडा होत नाही. रकमेइतकेच महत्त्व तिच्या वर्गीकरणाला होते. पंचवार्षिक योजनांबरोबर शासकीय जमाखर्चात खर्चाचे दोन वर्ग रूढ झाले. मराठी अंदाजपत्रकांत त्यांना 'योजनांतर्गत' आणि 'योजनेतर' अशी नावे मिळाली. नवे केंद्र बांधणे, त्यासाठी नवी साधनसामग्री घेणे, नवी पदे निर्माण करणे हे योजनांतर्गत. योजनेची पाच वर्षे संपली की तीच पदे, तीच इमारत व तीच यंत्रे यांचा पुढील खर्च 'बांधील दायित्व' म्हणून योजनेतर वर्गात जाई. हा भेद भांडवली व महसुली खर्चाच्या भेदाशी तंतोतंत जुळणारा नव्हता, हे खरे. तथापि व्यवहारात त्याचा परिणाम एकच होता. नवीन ते योजनेत, जुने ते योजनेबाहेर.

आता 'योजना' या शब्दाचे मूळ पाहा. संस्कृत युज् धातूचा अर्थ जोडणे. योजना म्हणजे जोडणी: साध्याची साधनाशी, आजची उद्याशी. जी गोष्ट योजनेबाहेर, ती जोडणीबाहेर. देशात 'योजना' हा शब्द त्या काळी अभिमानाचा व आशेचा होता. 'योजनेतर' हा तिच्या नकाराने बनलेला शब्द होता. योजनेतर खर्च म्हणजे काटकसरीचे पहिले क्षेत्र, अशी समजूत प्रशासनात रुजली. वस्तुतः त्या वर्गात परिचारिकेचे वेतन होते, क्ष-किरण यंत्राची दुरुस्ती होती, निर्जंतुकीकरणाच्या शेगडीचे इंधन होते. शब्दाने या साऱ्यांना 'उरलेसुरले' ठरविले.

धोक्याची सूचना कोणी दिलीच नाही, असे नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली नेमलेल्या समितीने नवी केंद्रे काढण्याची घाई करण्यापूर्वी असलेली केंद्रे सबळ करावीत, एका केंद्राकडे चाळीस हजारांहून अधिक लोकसंख्या नसावी आणि जिल्हा रुग्णालये बळकट करावीत, असे स्पष्ट म्हटले होते. पण सबळीकरणाला उद्घाटन नसते. योजनेच्या प्रगतीचे मापच 'नवीन किती उघडली' हे असल्यावर 'जुनी किती चालली' हा रकाना कोरा राहणे क्रमप्राप्त होते.

४

महाराष्ट्रात या घटनाक्रमाला आणखी एक वळण मिळाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. आळ्याचे केंद्र म्हणूनच पुणे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहे, तर ग्रामीण रुग्णालये राज्यशासनाच्या आरोग्य खात्याकडे आहेत. लोकांच्या जवळ सत्ता आणण्याचा हा प्रयोग देशात वाखाणला गेला, आणि तो योग्यच होता. परंतु केंद्र जिल्हा परिषदेकडे गेले, तरी ते चालविण्याचा पैसा प्रायः राज्याच्या अनुदानातूनच यावयाचा होता. खर्चाचे वर्ग मुंबईत ठरत राहिले.

याच सुमारास शासनाची मराठी परिभाषा घडत होती. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध झाला, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. या कार्याचे मोल मोठे आहे. शासन लोकांच्या भाषेत बोलू लागले, ते त्यामुळे. तथापि परिभाषा बनविताना मूळ संकल्पनाही तिच्याबरोबर येते. सरकारी कार्यालयांतील टिकाऊ वस्तूंची नोंद ज्या वहीत होते, तिचे नाव 'जडवस्तुसंग्रह नोंदवही'. टेबल, कपाट आणि नवजात बालकाला ऊब देणारे यंत्र या तिन्ही वस्तू त्या वहीत सारख्याच जड. वस्तू निकामी झाली की तिचे 'निर्लेखन' होते. विकत घेणे आणि निर्लेखन, या दोन टोकांच्या मधल्या आयुष्याला, म्हणजे वस्तू चालू असण्याला, त्या परिभाषेत स्वतंत्र नाव सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण केंद्रात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, प्रस्तुत लेखकाने असे एक यंत्र पाहिले. त्यावर स्वच्छ धुतलेली चादर घातलेली होती. एक लहानसा भाग बिघडला होता. तो मागविण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयाला, याविषयी पत्रव्यवहार चालू होता. नोंदवहीत मात्र यंत्र 'एक नग' म्हणून हजर होते आणि वार्षिक पडताळणीत ते दर वर्षी सापडत होते. परिचारिकेने सांगितले, "आम्ही बाळाला आईच्या पोटाशी बांधतो, वर शाल घालतो आणि गाडी बोलावतो." त्या बाईंच्या वाक्यात पाच दशकांच्या नियोजनावरचा अभिप्राय होता, तोही तक्रारीचा सूर न लावता.

५

सहाव्या योजनेच्या काळात लोकसंख्येचे निकष पुन्हा ठरविण्यात आले: सपाट प्रदेशात तीस हजारांमागे व डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र, अनुक्रमे पाच हजार व तीन हजारांमागे एक उपकेंद्र. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेची व किमान गरजा कार्यक्रमाची त्यामागे प्रेरणा होती. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांना दोन्ही निकष लागू पडतात, कारण त्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत, महादेव कोळी वस्तीचा आहे, तर आळ्यासारखी पूर्वेकडील गावे पठारावर आहेत. डोंगराला झुकते माप देणे न्याय्य होते. पण वर्तुळ काढणारा निकष रस्ता पाहत नाही. आळे गावाजवळच्या आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. जनगणना माणूस कोठे राहतो ते मोजते. अपघात, घाटातून आणलेली बाळंतीण, बाजारास आलेला आजारी माणूस हे तिच्या हिशेबात या ठिकाणी येत नाहीत. आज आळेफाट्याच्या परिसरात खासगी रुग्णालये उभी आहेत. ज्याला योजनेने 'लोकसंख्या' म्हणून पाहिले नाही, त्याला बाजाराने 'गिऱ्हाईक' म्हणून ओळखले, एवढाच त्याचा अर्थ.

मापनाच्या एककाचा असाच प्रश्न वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीच्या १९८४ च्या अहवालात दिसतो. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी या समितीने जिल्हा हे एकक घेतले, राज्याच्या सरासरीपेक्षा जो मागे त्याचा 'अनुशेष' काढला; आरोग्यसेवा हे त्यातील एक क्षेत्र होते. सर्व क्षेत्रे मिळून ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निघाला. विदर्भ-मराठवाड्याच्या दुर्लक्षिततेला या अहवालाने आकड्यांची भाषा दिली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु जिल्ह्याच्या सरासरीत पुणे शहराच्या खाटा आणि भीमाशंकरच्या पायथ्याची गावे एकत्र मिसळतात. ज्या जिल्ह्यात ससून रुग्णालय आहे, त्याच्या डोंगराळ कडेची उणीव जिल्ह्याच्या सरासरीत दिसेनाशी होते.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. शब्दांनी इमारती पडत नाहीत. पैसा अपुरा होता, एवढेच कारण पुरेसे नाही काय? हा आक्षेप अंशतः मान्य आहे. तरीही पैशाची चणचण असतानासुद्धा वर्गीकरण वेगळे असू शकते, याचे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. तेथे १९६२ साली रुग्णालयांची मोठी बांधकाम योजना जाहीर झाली. नव्वद नवी रुग्णालये व दर हजारी ३.३ खाटा हे तिचे लक्ष्य होते. तिच्यावरही टीका झाली, तिची उद्दिष्टेही पुरी झाली नाहीत. पण त्या व्यवस्थेत 'भांडवली कामांचे महसुली परिणाम' या नावाचा स्वतंत्र हिशेब होता. नवे रुग्णालय उभारले की ते चालविण्यास दर वर्षी किती लागेल, ते आधी मांडून तेवढी तरतूद वेगळी दिली जाई. या पद्धतीने ज्यांच्याकडे मुळात अधिक इमारती होत्या त्यांनाच अधिक पैसा मिळतो, म्हणून १९७६ साली ती सोडून देण्याची शिफारस झाली. तेव्हा ती निर्दोष नव्हती. तथापि बांधणे आणि चालविणे यांना जोडणारा शब्द तेथे होता. आपल्याकडे त्यांना तोडणारा होता.

आपल्याकडे हा सांधा ओळखण्यास बराच काळ लागला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रथमच प्रत्येक प्राथमिक केंद्राला वर्षाला २५ हजार रुपयांचा अबंधित निधी, ५० हजार रुपये देखभालीसाठी आणि रुग्ण कल्याण समितीस एक लाख रुपये देऊ केले. रकमा लहान होत्या, पण 'देखभाल' हा शब्द योजनेच्या आत आला. पुढे २०१५ साली साधनसामग्रीच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखताना २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांतील यंत्रांची मोजदाद झाली. सुमारे ४,५६४ कोटी रुपये किमतीची ७,५६,७५० उपकरणे नोंदविली गेली आणि निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के बंद असल्याचे आढळले. जडवस्तुसंग्रहाच्या वहीत ज्याला जागा नव्हती, तो रकाना अखेर भरला गेला. २०२१ साली साथीच्या काळात देशभर प्राणवायूनिर्मितीची हजारांहून अधिक संयंत्रे बसविण्यात आली, तेव्हाही उभारणीपाठोपाठ तोच जुना प्रश्न आला: वीज कोण भरणार, तंत्रज्ञ कोण ठेवणार, सुटा भाग कोण मागविणार?

बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि २०१७–१८ च्या अंदाजपत्रकापासून योजनांतर्गत–योजनेतर हा भेद रद्द झाला. महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात त्याऐवजी 'अनिवार्य खर्च' आणि 'कार्यक्रमावरील खर्च' अशी विभागणी आली. भाषेच्या अभ्यासकाला हा बदल अर्थपूर्ण वाटतो. काल जे 'योजनेतर' होते, त्यातील बरेचसे आज 'अनिवार्य' म्हणविले जाते. ज्याचे निवारण होऊ शकत नाही, ते अनिवार्य. परिचारिकेचे वेतन व यंत्राची दुरुस्ती खरोखरच तशी मानली जाते, की केवळ वेतन अनिवार्य आणि दुरुस्ती पुन्हा उरलेसुरले, हे नव्या नावावरून ठरणार नाही. नोंदवहीच्या रकान्यावरून ठरेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ती रक्कम किती, याबरोबरच ती कोणत्या नावाखाली खर्च होते, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.

आळे परिसरातील माणूस दवाखान्याविषयी बोलताना 'सुविधा' हा शब्द क्वचितच वापरतो. तो 'सोय' म्हणतो. 'सोय आहे का?' या प्रश्नात इमारत आहे का, असे विचारलेले नसते. आत्ता, या वेळी, डॉक्टर भेटेल का, औषध मिळेल का, यंत्र चालेल का, हे विचारलेले असते. म्हणूनच मराठीत 'सोय' शब्दाला 'गैरसोय' हा रोजच्या बोलण्यातला विरुद्धार्थी शब्द आहे आणि फलकावरच्या 'सुविधे'ला तसा घरगुती प्रतिशब्द नाही. सुविधा कागदावर असू शकते. सोय वापरातच असते. सुविधांचा इतिहास अहवालांतून लिहिता येतो, आणि तो बराचसा लिहिलाही गेला आहे. सोयीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास केंद्रांच्या नोंदवह्या, दुरुस्तीचे पत्रव्यवहार आणि परिचारिकांच्या आठवणी वाचाव्या लागतील. निर्लेखनाबरोबर ही कागदपत्रेही नष्ट होण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्यापुरते तरी हे काम हाती घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हे टिपण पुरे करतो.